तारखेशेजारची ओळ

गेल्या मे महिन्यात अकोल्याला माहेरी गेले होते. दुपारी अडीचच्या सुमारास एका बंद मेडिकलसमोर टेम्पो थांबला. पोराने औषधांची खोकी उतरवून उन्हात रचली. मी सहज हात लावला, तर चटका बसला. खोक्यावर तारखेशेजारी बारीक इंग्रजीत छापलं होतं : ३० अंशांखाली, कोरड्या जागी ठेवा.

ही ओळ कुठून येते, ते मला ठाऊक आहे. बोईसरच्या एका औषध कारखान्यात मी सव्वीस वर्षं स्टॅबिलिटी विभागात होते. आम्ही स्ट्रिपा ३० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये ठेवायचो. ठरलेल्या महिन्यांना त्या काढून मूळ औषध किती उरलं आणि त्यातून नवं काय तयार झालं, हे तपासायचो. त्या आकड्यांवरून मुदतीची तारीख ठरते. म्हणजे ती तारीख त्या तापमानापुरतीच खरी असते.

अ‍ॅस्पिरिनला ओल लागली की ती फुटून सॅलिसिलिक आणि अ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं. मग बाटली उघडताच व्हिनेगरचा वास येतो. पण असा इशारा देणारी औषधं थोडीच. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उष्णतेने त्याचा जोर गेला, तरी अँप्युलमधलं पाणी तसंच नितळ दिसतं. रॅनिटिडीनमध्ये उष्णतेने आणि काळानुसार एनडीएमए हे घातक द्रव्य वाढतं, असं आढळल्यावर २०२० साली अमेरिकेच्या औषध नियामकाने ते बाजारातून काढायला लावलं.

एका दुपारीत बहुतेक गोळ्या वाया जात नाहीत, हे मान्य. आम्ही त्यांना ४० अंशांत सहा महिने ठेवूनही पाहायचो. पण विदर्भात पारा ४५ वर जातो, आणि पत्र्याच्या गोदामात तो त्याहून चढतो, तोही रोज, एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत.

म्हणून माझं मागणं आहे की प्रत्येक गोदामात, मेडिकलमध्ये आणि औषधांच्या टेम्पोत तापमापक हवा, त्याची रोजची नोंद हवी, आणि औषध निरीक्षकाने बिलबुकाइतक्याच काटेकोरपणे ती पाहावी. खोक्यावरची ती ओळ मराठीत, तारखेएवढ्या ठळक अक्षरांत छापावी. घरी आपणही औषधांचा डबा गॅसजवळच्या फळीवरून हलवावा, आणि गोळ्या आधीच स्ट्रिपमधून काढून ठेवू नयेत.

त्या दिवशी मी पोराला ती ओळ मराठीत वाचून दाखवली. तो म्हणाला, "काकू, मले वाटलं कंपनीचा पत्ता असन." आणि लगेच एकेक खोकं उचलून त्याने शेजारच्या ओसरीत, सावलीला नेलं. त्याला सांगणारंच आजवर कोणी नव्हतं.