बॅटरीला सुटी नसते

दिवाळीच्या सुटीत घर बंद करून निघताना गॅस बंद आहे ना, नळ टपकत नाही ना, हे आपण दहादा पाहतो. शेजारच्या काकूंकडे किल्ली देतो, तुळशीला पाणी घालायला सांगतो. मात्र आवारात झाकण घालून उभ्या केलेल्या गाडीची आठवण कुणालाच होत नाही. ‘ती काय, उभीच तर राहणार!’ अशी आपली समजूत. महिन्याभराने परत येऊन बटण दाबावे, तर आतून नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि ‘हल्लीच्या बॅटऱ्या टिकतच नाहीत’ हे ठरलेले वाक्य ऐकू येते.

बिचाऱ्या बॅटरीचा यात दोष नसतो. कित्येक बॅटऱ्या वापरून नव्हे, तर स्वस्थ बसून मरतात. २०२० सालच्या टाळेबंदीत हा अनुभव घरोघर आला.

फ्रान्समधल्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शिसे आणि गंधकाम्ल यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. आपल्या गाडीतली बॅटरी तिचीच वंशज. ती म्हणजे एक गळका रांजण समजा. काही न करताही ती आतल्या आत थोडी थोडी रिती होत असते, आणि उन्हाळ्यात हा वेग वाढतो. शिवाय गाडी बंद असली तरी तिच्यातले घड्याळ, चोरघंटा, कुलपाची यंत्रणा जागीच असते. समजा, ही मंडळी मिळून ३० मिलिअँपिअर वीज घेतात. आकडा क्षुल्लक वाटतो. पण २४ तासांत तो पाऊण अँपिअर-तासाच्या घरात जातो. मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल, तर २५ दिवसांत निम्मी संपली! स्कूटरची बॅटरी तर ४-५ अँपिअर-तासांचीच. तिची शिदोरी मुळातच लहान.

निम्मी संपली तर पुन्हा भरू, असे आपण म्हणाल. खरा घात पुढेच आहे. बॅटरी रिती होते तेव्हा तिच्या पट्ट्यांवर शिशाचा एक क्षार बसतो. लगेच भरली तर तो विरघळून जातो. पण आठवडेच्या आठवडे तसाच राहिला, तर पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी थर धरतो ना, तसा तो घट्ट होतो. मग कितीही वीज भरा, पट्टी पूर्वीसारखी काम देत नाही. म्हणून पहिला नियम हा, की गाडी ठेवायची ती बॅटरी पूर्ण भरून ठेवायची. साधे व्होल्टमीटर घरात असेल तर गाडी काही तास उभी राहिल्यावर मोजावे. १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली, १२.४ च्या खाली गेला तर भरायला हवी. १२ वर आला तर जवळजवळ रिती झाली म्हणून समजावे.

पंधरवड्याहून अधिक काळ जायचे असेल, तर मेकॅनिककडून बॅटरीची तार सोडवून घ्यावी. स्वतः करणार असाल तर काळी, म्हणजे ऋण तार आधी सोडावी आणि परत जोडताना ती शेवटी जोडावी. उलट केले तर पान्हा गाडीच्या अंगाला लागून ठिणगी उडते. अग्रांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, ते आत जाऊ न देता, पुसावी आणि कोरडे करून व्हॅसलीनचा हात फिरवावा.

काही आजोबा बॅटरी काढून फळीवर ठेवायला सांगतात. फरशी वीज शोषून घेते म्हणे. जुन्या काळच्या पेट्यांबाबत त्यात थोडे तथ्य होते. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला फरशीचे भय नाही. फळीवर ठेवून आजोबांचे मन राखायला मात्र हरकत नाही.

इन्व्हर्टरच्या बॅटरीची तऱ्हा थोडी निराळी. तिला उपास घडत नाही, पण तहान लागते. झाकणे उघडता येत असतील तर दर दोन-तीन महिन्यांनी पाणी पाहावे आणि खुणेपर्यंत डिस्टिल्ड पाणीच घालावे. नळाच्या पाण्यातले क्षार तिला मानवत नाहीत, आणि आम्ल तर घालूच नये. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. तेव्हा यंदा पणत्या लावताना इन्व्हर्टरचा कोपरा तेवढा वगळावा.

मोबाइल, लॅपटॉप, विजेवरची सायकल यांतल्या लिथियम बॅटऱ्यांचा स्वभाव नेमका उलटा. त्यांना पूर्ण भरून उकाड्यात ठेवणे बाधते, आणि पूर्ण रिते ठेवणेही. ४० ते ६० टक्के भरून थंड, कोरड्या जागी ठेवावे आणि महिन्या-दोन महिन्यांनी पाहावे. विजेवरच्या स्कूटरचे नियम तिच्या पुस्तिकेत दिलेले असतात. तिथे पुस्तिकेचेच ऐकावे.

विजेरी, रिमोट, मुलांची खेळणी यांतले सेल घर बंद करण्यापूर्वी काढून ठेवावेत. फुटलेल्या सेलमधला रस पितळी पट्ट्या खाऊन टाकतो, आणि आठ-दहा रुपयांच्या सेलपायी शेकड्यांचे खेळणे जाते. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. संपलेल्या बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नयेत. २०२२ च्या नियमांनुसार त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. गाडीची जुनी बॅटरी दुकानदाराला दिली तर मोबदलाही मिळतो.

आता शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. पुण्याठाण्याकडे अशी किती तरी घरे आहेत, की मुले परदेशी, आईवडील इथे, आणि खाली एक गाडी ‘वेळप्रसंगासाठी’ उभी. वेळप्रसंग म्हणजे रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत दुखू लागणे. त्या क्षणी ‘टक्’ एवढाच आवाज आला, तर ती गाडी असून नसल्यासारखी. कित्येक नव्या स्कूटरना किक नसते. असली तरी पेट्रोलचा पंप विजेवर चालतो, तेव्हा बॅटरी पार मेली असेल तर किकचा भरवसा धरता येत नाही.

अशा घरांनी एक नेम करावा. गाडी जागच्या जागी पाच मिनिटे सुरू ठेवून भागत नाही. सुरू करायला जी वीज लागते, तीसुद्धा तेवढ्यात पुरती भरून येईलच असे नाही. निदान अर्धा तास रस्त्यावर फिरवायला हवी. पंधरा दिवसांची आठवण ठेवायला आपल्याकडे एकादशी आहेच. उपास कुणी करो न करो, त्या दिवशी आईबाबांना देवळात किंवा बहिणीकडे घेऊन जावे. बॅटरी भरेल, आणि आईबाबांचेही फिरणे होईल.