खेळाला शिव्या, जुगाराला पाट

आपल्या समाजात काही शब्द असे आहेत की ते एकदा उच्चारले म्हणजे पुढे विचार करण्याचे कामच उरत नाही. ‘मोबाइल’ हा त्यांतला सर्वांत ताजा. पोरगा गणितात नापास झाला, मोबाइल! जावयाला चष्मा लागला, मोबाइल! सूनबाई जेवताना बोलत नाहीत, त्यालाही मोबाइलच. आणि त्या मोबाइलवर पोरे ‘गेम’ खेळतात असे कळले की मग विचारायलाच नको. पालकसभा असो, व्याख्यानमालेचा समारोप असो की एखाद्या बारशाला जमलेली म्हातारी मंडळी असोत, सूर एकच: या व्हिडिओ गेमनी पिढी बुडवली. मी पेशाने शिक्षक, त्यामुळे हे भाषण वर्षाकाठी दहा वेळा तरी माझ्या कानांवर येते. भाषण संपले की मी वक्त्याला एकच प्रश्न विचारतो आणि तेवढ्यावरून अप्रिय होतो. मी विचारतो, “साहेब, कोणता गेम?”

साहेबांना नाव सांगता येत नाही. त्यांनी एकही पाहिलेला नसतो.

कादंबरीवर पोट नसले तरी जीव असलेला माणूस म्हणून हा प्रश्न विचारण्याचा मला थोडा अधिकार आहे, असे मी समजतो. आपल्या पणजोबांच्या वेळी घर बुडवणारी वस्तू कादंबरी ही होती. ती वाचून मुली बिघडतात आणि मुलगे आळशी होतात, असे शहाणीसुरती माणसे सांगत. त्या शहाण्यांनी हरिभाऊ आपट्यांचे पुस्तक आणि स्टेशनवरच्या फळीवरचे चटोर पुस्तक एकाच गाठोड्यात बांधले होते. ते गाठोडे सोडून बरेवाईट वेगळे करणारी माणसे पुढे निघाली, त्यांना आपण टीकाकार म्हणतो. व्हिडिओ गेमचे गाठोडे मात्र अजून तसेच पडून आहे, आणि त्याचा परिणाम काय झाला हे सांगण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीपासून मी हे खेळ खेळतो आहे. गुरू माझा भाचा, वय वर्षे पंधरा. गुरू कडक आहे.

आरंभ लुडो किंगने झाला, आणि त्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तो नवी मुंबईच्या मंडळींनी २०१६ साली केला आणि २०२०च्या टाळेबंदीत घरोघर पोचला. आपली पचिशी साहेब विलायतेला घेऊन गेला, तिचा लुडो करून त्याने ती परत पाठवली, आणि आता ती काचेवर आली, एवढाच त्याचा इतिहास. फाशांऐवजी बोट. टाळेबंदीत नाशिकची आजी आणि पुण्याचा नातू एकमेकांच्या सोंगट्या मारीत बसले असतील तर त्यात पिढी कशी बुडाली हे मला समजत नाही.

मग गुरूंनी मला बंदुकीच्या खेळात नेले. हा तो सुप्रसिद्ध पबजी. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप बंद केली, त्यांत हा होता. त्या दिवशी कित्येक पालकांनी जवळजवळ पेढे वाटले. सरकारच्या आदेशात मात्र देशाच्या सार्वभौमत्वाची आणि सुरक्षिततेची भाषा होती. पोरांच्या सहामाहीबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. २०२१च्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय असे नाव घेऊन परत आला. २०२२मध्ये पुन्हा दुकानांतून उतरवला गेला, २०२३मध्ये पुन्हा आला. नाव बदलून परत येणारे पाहुणे आपल्याला राजकारणात नवे नाहीत.

शंभर माणसे विमानातून एका बेटावर उडी टाकतात. खाली उतरून घराघरांतून शस्त्रे शोधायची, लपायचे, मारायचे. आणि सुरक्षित वर्तुळ आवळत जाते तसतसे सगळ्यांनी एकमेकांच्या जवळ यायचे. शेवटी जो उरेल तो जिंकला. पहिल्या दिवशी मी एका मिनिटात मेलो. दुसऱ्या दिवशी दीड. “मामा, तू उभा का राहतोस? पाहुणा आला आहेस का?” असे गुरूंनी विचारले. हिंसा आहे, खरी आहे, आणि आठ वर्षांच्या मुलाच्या हाती हा खेळ मी देणार नाही. पण मला जे ऐकू आले तेही सांगितले पाहिजे. चार पोरे, चार गावांत बसलेली, कानाला यंत्र लावून एकमेकांशी बोलत होती: “विहिरीच्या मागं आहे बघ.” “मला पट्टी दे, मी पडलोय.” “तू थांब, मी येतो.” वर्गात ज्याच्या तोंडून एक वाक्य काढायला मला दोन महिने लागले, तो मुलगा तिथे सेनापतीसारखा हुकूम सोडत होता, आणि तोही अस्सल सिन्नरी मराठीत.

माझे या खेळाशी भांडण आहे ते बंदुकीवरून नाही. भांडण त्याच्या दुकानाशी आहे. खेळ फुकट, पण बंदुकीला रंगीत अंगरखा हवा तर पैसे. आणि तो अंगरखा सरळ विकत मिळत नाही. पैसे भरून एक पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब. जत्रेतले सोरट तुम्हांला ठाऊक आहे. दहा चिठ्ठ्यांत नऊ वेळा पिपाणी आणि एकदा घड्याळ. जत्रा वर्षातून एकदा येते आणि सोरटवाल्यापुढून मुलाला ओढून नेणारा बाप बरोबर असतो. इथे जत्रा रोज भरते. आज हजेरी लाव, बक्षीस घे. उद्या नाही आलास तर हुकलास! या खेळाला शेवट नाही. कादंबरीला शेवटचे पान असते, क्रिकेटला शेवटचे षटक असते. ज्याला शेवट नाही आणि ज्याच्या दारात गल्ला आहे, त्याच्याकडे आईबापांनी डोळे उघडे ठेवून पाहावे. पण त्यासाठी आधी पाहावे लागते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

आमच्या शाळेत मूल असलेले एक गृहस्थ माझ्याकडे तक्रार घेऊन आले. कांद्याचे शेतकरी, सज्जन माणूस. मुलगा बस चालवण्याचा कसलासा गेम खेळतो, त्याला दम द्या म्हणाले. फोन त्यांनी काढूनच घेतला होता. पुढे चार महिन्यांनी त्यांची पत्नी सहलीची वर्गणी उशिरा दिली तर चालेल का म्हणून विचारायला आली, तेव्हा सगळे बाहेर आले. कांद्याच्या दोन पट्ट्यांचे पैसे रमीत गेले होते. ज्या फोनवर मुलाला बस चालवायला बंदी होती, त्याच फोनवर, रात्री, मुले झोपल्यावर. घरात गेमला बंदी होती. पण रमी हा गेम आहे असे त्यांच्या मनात कधी आलेच नव्हते. जाहिरातीतला नट हसून सांगत होता की हे कौशल्य आहे.

कौशल्य! हा शब्द कोठून आला तेही ऐका. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. खटला होता आंध्रातल्या एका क्लबातला, पत्त्यांचा, टेबलाभोवती बसलेल्या सभासदांचा. त्या एका वाक्याच्या आडोशाला पन्नास वर्षांनी अख्खा बाजार उभा राहिला. २०२३पासून २०२५च्या ऑगस्टपर्यंत भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर ड्रीम इलेव्हन हे नाव होते. आपण आरत्या ओवाळून ज्यांना पाहतो, त्यांच्या छातीवर! मुलाच्या हातातला बसचा गेम आपल्याला दिसला, ते नाव दिसले नाही.

आणि मग आमच्या जिल्ह्याचे नाव गाजले. २० जुलै २०२५ रोजी आमदार रोहित पवारांनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. विधान परिषदेच्या सभागृहात तेव्हाचे कृषिमंत्री, सिन्नरचे माणिकराव कोकाटे, हाती मोबाइल आणि पडद्यावर पत्ते. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेला तो गेम बाजूला सारीत होतो, असे कोकाटे यांनी सांगितले. ३१ जुलैच्या रात्री त्यांच्याकडचे कृषी खाते काढून त्यांना क्रीडा व युवक कल्याण खाते देण्यात आले, आणि सगळा महाराष्ट्र पोट धरून हसला.

मला त्या हसण्याचा राग आला. ते खेळत होते की नव्हते याचा निवाडा करणारा मी कोण? त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे धरू. मग तर गोष्ट अधिक भयंकर होते. रमीचे आमंत्रण न बोलावता, न विचारता, चालू सभागृहात राज्याच्या मंत्र्याच्या तळहातावर येऊन बसते! मग निफाडच्या बांधावर बसलेल्या माणसाला ते कितीदा गाठत असेल? हा प्रश्न विचारायचा सोडून आपण खात्याच्या नावावर कोट्या करीत बसलो. ‘क्रीडा’ या शब्दात खोखो आणि रमी दोन्ही बसतात, असे आपणच हसत हसत मान्य करून टाकले.

त्याच ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यात एक रेघ स्पष्ट ओढली आहे: स्पर्धेचे ई-खेळ आणि करमणुकीचे खेळ एका बाजूला, पैसे लावून खेळायचे खेळ दुसऱ्या बाजूला; आणि ते कौशल्याचे की नशिबाचे ही पळवाट बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळून बुडालेल्याला शिक्षा नाही, हे मला फार योग्य वाटले. कंपन्या न्यायालयात गेल्या, त्या जाणारच. माझे म्हणणे इतकेच की ही रेघ आपल्या घरात आपण आधी ओढायला हवी होती. आपल्या पूर्वजांना ती ठाऊक होती. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. पार्वतीने शंकराला फाशांत हरवले, म्हणून त्या सकाळी द्यूत खेळण्याची चाल. वर्षातून एक सकाळ, आणि त्याला नाव द्यूत. कौशल्य नव्हे! त्यांनी जुगाराला पाट मांडला तो एका दिवसापुरता, आणि त्याचे खरे नाव घेऊन.

याच दिवसांत तुमच्या अंगणात पोरे किल्ला करीत असतील. मातीचा डोंगर, अळीवाची हिरवळ, बुरुजावर मावळे. त्या किल्ल्यात तासन्‌तास रमलेल्या पोराला आपण चकलीची ताटली नेऊन देतो. तीच रचना, तोच रमणे काचेमागे गेले की आपल्याला ते व्यसन वाटू लागते. सगळेच काही किल्ले नसतात हे कबूल. पण काही असतात, आणि एक तर पुण्यात बांधला गेला आहे.

त्याचे नाव ‘राजी’. नोडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्याशा मंडळींनी तो केला, २०२० साली तो जगाच्या बाजारात आला. हा मुळात फोनवरचा नव्हे. भाच्याच्या संगणकावर मी तो खेळलो. राजी ही कसरती करून पोट भरणारी मुलगी. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. डोंबाऱ्याच्या पोरीसारखी ती खांबावर चढते, भिंतीवरून धावते. हाती दुर्गेचे त्रिशूळ, पुढे विष्णूचे धनुष्य. वाटेत भिंतींवर चित्रे आहेत. त्यांच्याशी उभे राहिले की दुर्गा आणि विष्णू आपसांत त्या कथा सांगतात, आणि पोरीच्या पराक्रमावर मते देतात. वाड्यांतला उजेड, जळातली कमळे, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट, हे सारे पाहून मी बोटे थांबवून नुसता बघत बसलो आणि तेवढ्यात मेलो. दोष आहेत. मारामाऱ्या एकसुरी होतात, आणि शेवट इतका अचानक येतो की हप्त्यांनी छापलेल्या कादंबरीचा पुढला अंकच छापखान्यातून आला नाही असे वाटते. पण शेवट आहे! एकदा किंमत मोजली की राजी पुन्हा तुमच्यापुढे हात पसरीत नाही.

या पुस्तकाचे परीक्षण कोणत्या मराठी मासिकात आले? मी पुस्तक म्हणालो, ते जाणूनबुजून. माझ्या वाचनात तरी एकही आले नाही. ज्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले, त्याच जिल्ह्यात बसून मी हे लिहितो आहे. त्यांच्या वेळीही सिनेमा ही भल्या घरची गोष्ट नव्हती. ‘राजा हरिश्चंद्र’ला तारामती करायला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके उभे राहिले. १९१३ साली त्या माणसाने परक्या यंत्रात आपली गोष्ट घातली आणि पाट्यांवर देवनागरी अक्षरे लिहिली. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, आणि तिथे सहल नेणारे आम्ही शिक्षक मुलांना बसमध्ये बजावतो की मोबाइल बाहेर काढाल तर याद राखा.

राजी आधी इंग्रजीत बोलली, नंतरच्या आवृत्तीत हिंदीतही. पुण्यात जन्मून ती मराठीत बोलताना मी काही ऐकली नाही. यात त्या मुलांना मी काय दोष देऊ? मराठीत ऐकायला कोणी बसले आहे असे त्यांना आपण कधी कळवले? मी खेळत होतो तेव्हा माझी सत्तरीची आई शेजारी वाती वळीत बसली होती. पडद्यावर दुर्गा बोलायला लागली की तिचे हात थांबत. “ही काय म्हणते रे?” असे ती दर वेळी विचारी, आणि मी खेळ थांबवून तिला सांगे.