रेषेलाही फेरफार क्रमांक हवा

मंडळी, या खेपेचा विषय काहींना रुक्ष वाटेल. संगणकात नकाशे कसे साठवावेत आणि साठवताना काय पाळावे, याबद्दल मला थोडे म्हणायचे आहे. मराठीतून बी.ए. झालेल्या आणि जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या सत्तरीतल्या बाईने या भानगडीत का पडावे, असे कुणी म्हणेल. पण ज्याच्या नावावर वावर आहे, किंवा ज्याच्या आजोबांच्या नावावर होते, त्या प्रत्येकाचा हा विषय आहे. आमच्या नात्यातली निम्मी मुले तर प्रोग्राम लिहूनच पोट भरतात. तेव्हा दोघांनीही वाचावे, ही विनंती.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. सातबाऱ्यावरच्या नावाला जसा फेरफार क्रमांक असतो, तसा संगणकातल्या हद्दीच्या प्रत्येक रेषेलाही तिचा जन्मदाखला हवा. रेषा कोणी मोजली, कधी मोजली, कशाने मोजली आणि ती किती चुकू शकते, एवढे त्यात असावे. असा दाखला नसलेली रेषा कितीही सुबक दिसो, तिच्यावरून भांडण उभे करू नये.

हे आत्ताच का सांगायचे? कारण कागद झपाट्याने पडद्यावर आला आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. गावठाणातली घरे ड्रोनने मोजणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला देशभरासाठी जाहीर झाली. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला चौदा अंकी ओळख देणारा 'भू-आधार' आला. गावाचा नकाशा घरबसल्या पाहता येतो. हे सगळे चांगलेच आहे. चार आण्याच्या नकलेसाठी चार चकरा मारण्याचे दिवस मी पाहिले आहेत, ते परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही. पण पडद्यावरची रेषा ठळक असते, रंगीत असते, आणि पाहणाऱ्याला ती धुऱ्यापेक्षा खरी वाटू लागते. (आमच्या वऱ्हाड-वर्ध्याकडे बांधाला धुरा म्हणतात. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगितले.)

आमच्या भावकीतलीच गोष्ट आहे. नावे सांगत नाही, घरच्यांना ठाऊक आहेत. एकाने मोबाइलवरच्या कुठल्याशा नकाशात आपला गट उघडला. खाली उपग्रहाचे चित्र, वर पिवळी रेषा. रेषा धुऱ्याच्या बारा-पंधरा फूट पलीकडे, म्हणजे चुलतभावाच्या तुरीत. त्याने ते चित्र सगळ्यांना पाठवले. त्या दिवाळीला दोन घरांत फराळाची ताटे गेली नाहीत. माझी भाची नागपूरला हेच नकाशांचे काम करते. तिने एकच प्रश्न विचारला, "आत्या, पण ही रेषा आली कुठून?" याचे उत्तर कुणापाशी नव्हते. पुढे रीतसर मोजणी झाली आणि धुरा जागेवरच निघाला. बोलणे मात्र अजून पूर्वीसारखे नाही.

रेषा येते कुठून, ते पाहू. जुना गावनकाशा कापडावर किंवा कागदावर काढलेला असतो. समजा तो मैलाला सोळा इंच या प्रमाणात आहे, म्हणजे १ : ३९६०. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर जवळजवळ दोन मीटर रुंद होते! कागद उन्हापावसाने आक्रसतो, घडीवर फाटतो. मग त्याची स्कॅन होते, कुणीतरी माऊसने रेघ गिरवतो, आणि ती उपग्रहाच्या चित्रावर ताणून बसवतो. प्रत्येक पायरीला थोडी थोडी चूक वाढते. साधा मोबाइल हातात घेऊन धुऱ्यावर उभे राहिलात तरी तो मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवू शकतो. शंभर मीटर लांबीच्या धुऱ्यावर पाच मीटर म्हणजे पाच आर, जवळपास पाच गुंठे. एवढ्यासाठी माणसे कोर्टात पिढ्या घालवतात.

याउलट जुन्या पटवाऱ्याचे दप्तर आठवा. त्यात नाव कधी खोडरबराने पुसले जात नसे. जुन्या नावाला कंस, त्याखाली नवे नाव, आणि बाजूला वर्तुळात फेरफाराचा आकडा. त्या आकड्यावरून गाव नमुना सहा उघडायचा, की वारसाने आले, खरेदीने आले की वाटणीने, हे कळायचे. नोंद झाली तरी ती लगेच पक्की होत नसे. चावडीवर नोटीस लागे, संबंधितांना हरकतीसाठी पंधरा दिवस मिळत, मगच अधिकारी ती प्रमाणित करी. कायद्यात ही रीत आजही तीच आहे. पटवाऱ्यांबद्दल लोकांच्या काही तक्रारी असतील, पण ही पद्धत रचणारा माणूस शहाणा होता. आपण नावांसाठी ती संगणकात नेली आणि रेषांसाठी न्यायला विसरलो, असे मला वाटते.

भाचीकडून फोनवर शिकत शिकत मी क्यूजीआयएस नावाचा फुकट प्रोग्राम वापरू लागले. त्यामागे पोस्टजीआयएस नावाचे विदागार असते. विदा ठेवायची जागा ती विदागार, हा आपल्या मराठी जालावरचाच शब्द. हे पोस्टजीआयएस २००१ साली निघाले, तेही फुकट. त्यातून चार गोष्टी कळल्या, त्या नव्या मुलांसाठी लिहिते.

पहिली गोष्ट, गावाच्या नावावर जोडणी करू नये. आमचे हिंगणी सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या वाटेवर. महाराष्ट्रात हिंगण्या बऱ्याच आहेत. शेजारी नागपूर जिल्ह्यात हिंगणा, आमच्याच जिल्ह्यात हिंगणघाट. सेलू परभणीतही आहे. कुणी 'हिंगणी' लिहितो, कुणी 'हिंगनी'. संगणकाला ती दोन गावे वाटतात. वर्गात दोन सुनीता असल्या की आम्ही हजेरी क्रमांक पाहायचो, तसा इथे गावाचा सरकारी कोड पाहावा आणि त्यापुढे गट क्रमांक लावावा. नाव माणसाला वाचण्यासाठी, जोडणी कोडावर.

दुसरी गोष्ट, आकडे कोणत्या मापाचे ते आधी ठरवावे. आपण 'अक्षांश-रेखांश' म्हणतो, पण पोस्टजीआयएसला आधी रेखांश लागतो. आमचे हिंगणी साधारण २१ अक्षांश आणि ७८.७ रेखांशावर आहे. आकडे उलटे भरले तर गाव थेट उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जाऊन पडते! ही चूक निदान हसू आणते. लपणाऱ्या चुका जास्त वाईट.

त्यांचा इतिहास आमच्या जिल्ह्याशी जोडलेला आहे. १८०२ साली मद्रासला पायारेषा मोजून ज्याने हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीला आरंभ केला, तो विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाट इथे वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले आणि १८३० साली पृथ्वीच्या आकाराचे आपले माप मांडले. आपले जुने सरकारी नकाशे त्या मापावर बेतलेले आहेत. मोबाइलचे जीपीएस चालते ते डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या मापावर. एकाच जागेचे दोन्हींतले अक्षांश-रेखांश वेगळे येतात, आणि हिशेब न करता एकावर दुसरे ठेवले तर आमच्या भागात रेषा शंभर मीटरहून जास्त सरकते. म्हणून विदागारात प्रत्येक आकृतीबरोबर तिच्या मापाचा क्रमांक ठेवायचा असतो. इथे दोन आज्ञांची गल्लत होते. एसटी_सेटएसआरआयडी नुसती चिठ्ठी बदलते, एसटी_ट्रान्सफॉर्म खरे रूपांतर करते. पाच मैलांवरची 'मैल' ही चिठ्ठी काढून 'किलोमीटर' लावली, तर अंतर काही कमी होत नाही. पाचवीतल्या मुलालाही हे कळते, पण घाईत मोठे विसरतात.

तिसरी गोष्ट क्षेत्रफळाची. अंशांत क्षेत्रफळ काढले तर उत्तर 'चौरस अंश' येते, आणि त्याला काही अर्थ नाही. आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर आणि रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटर भरतो. म्हणून आधी मीटरच्या पट्ट्यात उतरावे. सहा-सहा अंशांच्या साठ पट्ट्यांपैकी आमचा वर्धा जिल्हा चव्वेचाळिसाव्या पट्ट्यात येतो. पट्ट्याची सीमा ७८ रेखांश. त्यामुळे अमरावती शहर त्रेचाळिसाव्यात आणि त्याच जिल्ह्यातले वरूड चव्वेचाळिसाव्यात! सगळ्या जिल्ह्याला डोळे मिटून एकच पट्टा लावणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. आणि आलेले क्षेत्र सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरशी ताडून पाहावे. फरक आला तर आकडा गुपचूप 'सुधारू' नये. दोन्ही ठेवावेत आणि फरक आहे असे लिहावे.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट, पुसू नये. समजा एका गटाचे दोन भावांत दोन हिस्से झाले. विदागारात तीन कामे होतात, जुनी आकृती बंद, पहिला हिस्सा उघडा, दुसरा हिस्सा उघडा. ही तिन्ही एका व्यवहारात बांधावीत. तिन्ही झाली तर पक्की, एक अडली तर तिन्ही रद्द. त्याआधी दोन हिस्स्यांची बेरीज मूळ गटाएवढी आहे ना, मधे फट किंवा एकावर एक चढ तर नाही ना, हे संगणकालाच तपासायला लावावे. आणि 'बंद' म्हणजे पुसणे नव्हे. प्रत्येक रेषेला 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' असे दोन रकाने द्यावेत. मग १९९५ साली हद्द कुठे होती, हेही विचारता येते. त्याशेजारी आणखी चार रकाने, मोजणी प्रकरणाचा क्रमांक, मोजणीचे साल, साधन आणि संभाव्य चूक मीटरमध्ये. सहा रकाने म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याला एका दुपारचे काम, असे भाची म्हणते.

यावर दोन आक्षेप येतात. एक असा, की लाखो जुन्या रेषांचा इतिहास आता कुठून आणणार? आणू नका. तिथे 'माहीत नाही' असे लिहा. कोऱ्या रकान्यापेक्षा स्पष्ट लिहिलेले 'माहीत नाही' प्रामाणिक असते, आणि नव्या मोजणीची गरज कुठे जास्त आहे तेही त्यावरून दिसते. आता नवी मोजणी उपग्रहाशी बोलणाऱ्या रोव्हर यंत्राने होते आणि तिची चूक सेंटिमीटरमध्ये मोजतात. अशी रेषा आणि कापडावरून गिरवलेली रेषा एकाच जाडीने, एकाच रंगाने दाखवणे हा दोन्हींवर अन्याय आहे. दोन मीटर चुकू शकणारी रेषा पडद्यावर दोन मीटर रुंद पट्टा म्हणूनच दिसू द्या की!

दुसरा आक्षेप, की चुकीची कबुली छापली तर लोक जास्त भांडतील. मला उलटे वाटते. आमच्या भावकीतल्या त्या चित्रावर 'या रेषेत पाच मीटरची चूक संभवते' एवढे जरी लिहिलेले असते, तरी त्या दिवाळीची ताटे गेली असती. माणसे शंकेने भांडत नाहीत, खोट्या खात्रीने भांडतात.

आणि हे फक्त भावाभावांत थांबत नाही. आमच्या उशाला बोरचे जंगल आहे. १९७० साली अभयारण्य झाले, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. अशा जंगलाच्या सीमेपासून शेत किती अंतरावर आहे, यावर तिथे काय करता येईल हे ठरू शकते. विदागाराला 'या रेषेपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे गट दे' असे विचारले, की क्षणात यादी येते. यादीत कडेला असलेल्या शेतकऱ्याला मात्र विचारता आले पाहिजे, की बाबांनो, ती रेषा कुठल्या मोजणीची? त्याचे उत्तर यादीतच असायला हवे. त्यासाठी त्याला तीन कचेऱ्या हिंडाव्या लागू नयेत.

असो, फार लांबले. आपल्यातल्या तरुण मंडळींना एवढेच सांगणे, की पुढच्या वेळी नकाशाचे विदागार रचाल तेव्हा रेषेच्या शेजारी तिच्या जन्माचे रकाने ठेवा, कुणी मागितले नसले तरी. आणि नातेवाईक मंडळींनो, मोबाइलवरची रेषा दाखवून धुऱ्यावर जाण्याआधी तिचा फेरफार क्रमांक विचारा. तुमच्याकडे, तुमच्या गावात काय अनुभव आहे, ते जरूर कळवा.