शहर बोललं, पण कोणत्या भाषेत?

एकट्यानं केलेल्या प्रवासावरच्या मराठी लेखांत एक वाक्य हमखास येतं: शहर माझ्याशी बोललं. म्हैसूरबद्दल असं वाचलं की मी विचारते, कोणत्या भाषेत? १९१२ साली पुरा झालेला राजवाडा, रविवारची रोषणाई, चामुंडी टेकडी, देवराज मार्केटातले कुंकवाचे ढीग. सगळं डोळ्यांनी टिपलेलं. वर तक्रार, की फुलवाली हिंदीत धड उत्तर देईना. तिनं का द्यावं?

कन्नड आपल्याला आठवते ती बेळगावच्या वादापुरती. त्याच मार्केटात पानाच्या गाळ्यावर 'अडिके' मागून पाहा. सुपारीचं हे नाव आपल्या अडकित्त्यात कधीचं बसलेलं आहे. अण्णा, अक्का तर घरातलेच. कवी कुवेंपु इथल्याच विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि भारतीय भाषांचं केंद्रीय संस्थान १९६९पासून याच शहरात आहे. मी वाचलेल्या प्रवासलेखांत मात्र म्हैसूरपाकाला परिच्छेद मिळतो, या दोहोंना ओळही नाही.

चार दिवसांच्या पाहुण्यानं भाषा शिकायची का? नको. लिपी शिकावी. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे. पंधरा दिवसांत पाट्या अडखळत वाचता येतात, मी तशाच वाचते. बसवर लिहिलेलं गाव स्वतः वाचलं, की माणसांना प्रश्न विचारायचं धाडस येतं.

तेवढंही नको असेल, तर लेखाला 'मी काढलेले फोटो' म्हणावं. शहराचं नाव देऊ नये.