वर्गातले तास कमी करा, वॉर्डातले नको

बी.ए. झालेल्या मुलीला पंचविशीत नर्स व्हावेसे वाटले, तर आपल्याकडे तिला पुन्हा बारावीच्या पायरीवर जाऊन सुरुवात करावी लागते. तिची पदवी कुठेच जमेस धरली जात नाही. अमेरिकेत तिच्यासाठी वेगळा दरवाजा आहे, आणि तो थेट ‘नर्स प्रॅक्टिशनर’ या पदापर्यंत नेतो.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे रुग्ण तपासणारी, निदान करणारी, औषधे लिहून देणारी उच्चशिक्षित नर्स. 1965 मध्ये कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी याचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टर कमी पडत होते आणि मुलांच्या आरोग्याकडे पाहायला कोणीतरी हवे होते. तेव्हा हे शिक्षण आधीच नर्स असलेल्यांसाठी होते. 1974 मध्ये येल विद्यापीठाने इतर शाखांच्या पदवीधरांनाही प्रवेश दिला. पहिले वर्ष नर्सिंगच्या पायाचे, मग परवाना परीक्षा, आणि पुढची दोन वर्षे विशेष शिक्षणाची. आज असे अभ्यासक्रम तिथे अनेक विद्यापीठांत आहेत.

या वाटेची एक बाजू मला मनापासून पटते. मानसशास्त्र, समाजकार्य किंवा भाषा शिकलेली व्यक्ती रुग्णापाशी येते तेव्हा ती कोरी पाटी नसते. माणसाशी बोलायचे कसे, हे तिला ठाऊक असते. तिची पदवी वाया गेली असे समजून तिला चार वर्षे मागे ढकलण्यात कोणाचाच फायदा नाही.

पण दुसरी बाजूही आहे. नर्स म्हणून एकही पाळी स्वतःच्या जबाबदारीवर न केलेली व्यक्ती या मार्गाने औषध लिहून देण्यापर्यंत पोहोचू शकते. 2022 च्या राष्ट्रीय निकषांनुसार नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणात रुग्णसेवेचे किमान 750 तास हवेत. आठवड्याला 40 तास धरले तर हे पाच महिनेही होत नाहीत. आणि निम्म्याहून अधिक राज्यांत तिला डॉक्टरच्या देखरेखीशिवाय काम करता येते. काही राज्यांत तेवढा सुरुवातीचा काळ देखरेखीत काढावा लागतो.

रुग्णाचा श्वास किंचित वाढला आहे, लघवी कमी झाली आहे, सकाळी बोलणारा माणूस दुपारी गप्प आहे, या खुणा पुस्तकात वाचता येतात. ओळखता मात्र येतात त्या रात्रपाळ्या केल्यावरच. म्हणून माझे मत असे: वर्गातले तास हवे तर कमी करा, वॉर्डातले नको. परवाना मिळाल्यावर किमान एक वर्ष नर्स म्हणून काम, आणि मगच पुढचे शिक्षण.

गंमत म्हणजे ही अट आपल्याकडे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या अतिदक्षता विभागासाठीच्या नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर बी.एस्सी. नर्सिंगनंतर वर्षभराचा अनुभव लागतो. आपल्याकडे नाही तो पहिला दरवाजा. पदवीधरांसाठी नर्सिंगचा छोटा, पण कसून शिकवणारा अभ्यासक्रम इथेही हवा.

ही मागणी मुस्लिम समाजाने तर आग्रहाने करावी. उर्दू किंवा समाजशास्त्रात पदवी घेऊन घरी बसलेल्या मुली आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. घाबरलेल्या आजीला तिच्या भाषेत समजावणारी नर्स वॉर्डात असेल, तर उपचार अर्धे सोपे होतात. यावर ‘रात्रपाळी? लोक काय म्हणतील?’ असे विचारणारे भेटतीलच. खंदकच्या लढाईत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव आपण जलशांत अभिमानाने घेतो. त्यांचेच काम आपल्या मुलीने करायचे म्हटले की मात्र इज्जतीचा प्रश्न उभा राहतो. हा दुटप्पीपणा सोडायला कोणत्याही परिषदेच्या परवानगीची गरज नाही.