चायनीज घरी, पण चिरायचं कुणी?

वैरागसारख्या गावात संध्याकाळी चायनीजचे गाडे लागतात असं सांगितलं की शहरातल्या मैत्रिणी हसतात. त्यात हसण्यासारखं काही नाही. बार्शी तालुक्यातलं, सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं हे बाजारपेठेचं गाव. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कालवण आणि कांदा हे आमचं रोजचं जेवण. तरी आज आमची शाळकरी मुलं मंच्युरियन आणि शेझवान राईस मागतात आणि ते घरी करायला आम्ही बायका शिकलो आहोत. ते खाणं चांगलं की वाईट, आपलं की परकं, या वादात मला पडायचं नाही. घरात नवा पदार्थ आला की त्याच्याबरोबर कामही येतं. ते काम कुणाच्या वाट्याला जातं, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

आपण ज्याला चायनीज म्हणतो ते चीनमधून जसंच्या तसं आलेलं नाही. कोलकात्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या हाक्का चिनी कुटुंबांनी आपल्या स्वयंपाकाला इथल्या जिभेप्रमाणे वळण दिलं. कोलकात्यातच जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये १९७५ साली चिकन मंच्युरियन पहिल्यांदा केलं, असं सांगितलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची ही सगळी आपलीच सामग्री. फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. पुढे कोंबडीच्या जागी कोबी आणि फ्लॉवर आले, आणि पदार्थ गाड्यांवरून गावोगाव पोचला. १९८३ साली मॅगी आली ती 'दोन मिनिटांत' असं सांगत. जाहिरातीत भूक मुलांना लागायची आणि ती दोन मिनिटं आईची असायची, हे तेव्हा फारसं कुणी बोलून दाखवलं नाही.

या पदार्थाची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. याला सासू नाही. पुरणपोळी कशी लाटायची, आमटीला कट कसा हवा, हे सांगायला घरात दहा माणसं असतात. मंच्युरियनबाबत 'आमच्याकडे असं करत नाहीत' असं कुणी म्हणू शकत नाही. त्याला सोवळं नाही, नैवेद्य नाही, सणवार नाही. हे बाईनंच करायचं असतं असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही. उलट गाड्यावर ते करणारे बहुतेक सगळे पुरुष. म्हणजे हा पदार्थ घरात आला तेव्हा त्याचं काम कुणी करायचं, हे ठरवायला पाटी कोरी होती. तरीही आठवडा लोटायच्या आत ते आपल्याच पदरात पडलं. हे कसं झालं?

सरळ हिशोब मांडू या. पाच माणसांसाठी कोबी, गाजर आणि ढोबळी मिरची बारीक उभी चिरायची. पातीचा कांदा निवडायचा. लसूण सोलायचा, तोही फोडणीपुरता चार पाकळ्या नाही, गड्डेच्या गड्डे. मंच्युरियनसाठी कोबी किसायचा, पाणी पिळून काढायचं, मैदा आणि कॉर्नफ्लॉवर लावून गोळे तळायचे. नूडल्स उकडायच्या, निथळायच्या, तेल लावून मोकळ्या करायच्या. भात आधीच करून गार करायचा. हे सगळं होईपर्यंत तास-दीड तास सहज जातो. मग मोठ्या आचेवर कढईत परतायचं, ते पाच-सात मिनिटं. त्यानंतर कढई, किसणी, चाळणी, झारा आणि डझनभर वाट्या घासायच्या.

आता यातलं पुरुष काय करतात? अलीकडे बऱ्याच घरांत रविवारी 'आज चायनीज मी करणार' अशी घोषणा होते. घोषणा करणारा येतो तेव्हा सगळं चिरून, सोलून, उकडून, वाट्यांत मांडून ठेवलेलं असतं. तो ती पाच-सात मिनिटं परततो. कढई उडवतो, मुलं टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी शेजारी विचारतात, 'काल म्हणे भाऊंनी स्वयंपाक केला?' चिरण्याचा तास आणि घासण्याचा अर्धा तास कुणाच्या बोलण्यात येत नाही. गाड्यावर दुपारपासून कोबी चिरणाऱ्या पोऱ्याला थोडी का होईना मजुरी मिळते. घरातल्या चिरणारीला मजुरी नाही, आणि स्वयंपाक केला म्हणून नावही तिचं नाही.

हे फक्त आमच्या गल्लीतलं गाऱ्हाणं नव्हे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत, घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, तर असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटं कमी झाली खरी, पण पुरुषांनी आपल्या आधीच थोड्या असलेल्या वेळातूनही नऊ मिनिटं काढून घेतली. शिवाय हे ९७ आणि ८८ मिनिटांचे आकडे घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे आहेत. २०१९ मध्ये असे पुरुष शंभरातले सव्वीसच होते.

जेवणाच्या ताटाकडेही जरा पाहू. घरच्या गॅसची आच गाड्याच्या भट्टीएवढी नसते. कढईत एकदम सगळं घातलं की भाज्यांना पाणी सुटतं, त्या परतल्या न जाता शिजतात आणि नूडल्सचा लगदा होतो. म्हणून घरी एका वेळी एक-दोन माणसांपुरतंच करावं लागतं. मीठ आणि सोया सॉस शेवटी घालायचे, तेही याच कारणानं. पदार्थ चांगला होण्याची ही खूण खरी. पण तिचा अर्थ असा होतो की प्रत्येकाला गरम गरम मिळतं आणि करणारी शेवटपर्यंत कढईपाशी उभी राहते. ती बसते तेव्हा तळाला उरलेलं आणि गार झालेलं तिच्या ताटात येतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याची कारणं अनेक आहेत. पण शेवटी बसणं आणि उरलेलं खाणं ही सवय आपण नव्या पदार्थालाही लावली, हे मला खटकतं.

इथे शिळ्या भाताची गोष्ट सांगायला हवी. फ्राईड राईसला आदल्या रात्रीचा, गार होऊन मोकळा झालेला भात लागतो. ताज्या मऊ भाताचा गोळा होतो. आमच्या आज्या आणि आया तोच शिळा भात कांदा-मिरचीची फोडणी देऊन सकाळी खात असत, आणि बहुतेक घरांत तो बाईनंच खायचा अशी रीत होती. शिळं पुरुषाला वाढायचं नाही. आता त्याच शिळ्या भाताला सोया सॉस लागला की तो पाहुण्यांनाही चालतो, घरच्या कर्त्यालाही चालतो. म्हणजे शिळं न खाण्याचा नियम पोटाचा नव्हता, मानाचा होता. शिळा भात सगळ्यांच्या ताटात येऊ शकतो हे एकदा कळलं, तर उरलेली भाकरीही सगळ्यांत वाटता येईल.

दुसरा प्रश्न भीतीचा. फेब्रुवारी २०२४ च्या सुमाराला गोव्यातल्या म्हापसा नगरपालिकेनं गोबी मंच्युरियनवर बंदी घातल्याचं सगळीकडे गाजलं. पुढच्याच महिन्यात आपल्या शेजारच्या कर्नाटक सरकारनं गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी केली. तिथे तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ मध्ये घातक कृत्रिम रंग सापडले होते. त्याआधी २०१५ साली मॅगीवरून असाच गदारोळ झाला होता. भेसळ तपासणं आणि भेसळ करणाऱ्याला शिक्षा करणं हे सरकारचं काम. पण अशी बातमी आली की घरोघर निकाल एकच लागतो : 'बाहेरचं खाऊ नका, आई घरी करून देईल.' तपासनीस आपलं काम करत नाही, त्याचा दंड आईनं आपल्या संध्याकाळीतून भरायचा. घरी रंगासाठी बीट किंवा काश्मिरी मिरची पुरते, हे मी माझ्या मैत्रिणींना सांगतेच. पण एवढं सांगून थांबलं तर सार्वजनिक जबाबदारी आपण आपल्या ओट्यावर ओढून घेतो.

आणि तिसरा, मला सगळ्यात टोचणारा प्रश्न गाड्यापाशी कोण उभं राहतं हा. आमच्याकडे अंधार पडल्यावर चायनीजच्या गाड्याभोवती पुरुष आणि पोरं असतात. बाई आलीच तर नवऱ्याबरोबर किंवा मुलाला पुढे घालून, आणि मागते ते 'पार्सल'. गाड्यापाशी बाकावर बसून, घामाघूम होत, हसत-खिदळत नूडल्स खाणाऱ्या चार मैत्रिणी तुम्ही गावात कधी पाहिल्यात? मुलीनं तिथे उभं राहून खाल्लं की बातमी तिच्या आधी घरी पोचते. म्हणून मुली घरी करायला शिकतात. आपण कौतुकानं म्हणतो, 'पोरगी अगदी गाड्यासारखं करते हो!' तिला गाड्यावर जाता आलं असतं तर तिनं हे शिकायची इतकी घाई केली असती का, हे आपण विचारत नाही.

बायकांनी रांधून पोट भरणं नवं नाही. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांनी हजारो कामगारांना जेवू घातलं, आणि १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना संघटित केलं. पण त्यांचं रांधणं घराच्या चार भिंतींत होतं. रस्त्यावरची कढई पुरुषाची राहिली. आमच्या बचत गटातली एक विधवा मैत्रीण सकाळी भाजी विकते. ती मंच्युरियन इतकं चांगलं करते की गटाच्या बैठकीला ते असलं तर सगळ्या वेळेवर येतात. संध्याकाळी गाडा लावायचा तिचा विचार होता. घरच्यांनी, भावकीनं, एका पुढाऱ्यानंही तिला समजावलं, 'मावशी, पापड करा, शेवया करा, घरबसल्या चार पैसे मिळतील.' पापडात किती सुटतात आणि गाड्यात किती, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तिचा गाडा अजून लागलेला नाही.

कायदा मात्र तिच्या बाजूचा आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांमधले असावे लागतात, आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. वैरागला आता नगरपंचायत आहे, आणि महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. मग त्या निम्म्या जागांवरच्या आपल्या बहिणींना आपण विचारायला नको का? गाडे लागतात तिथे दिवे हवेत. बायकांसाठी स्वच्छ मुतारी हवी. गाड्यांच्या जागा वाटताना बायकांचा वाटा हवा. आणि रंग-तेलाची तपासणी नियमित व्हायला हवी, म्हणून नगरपंचायतीनं अन्न व औषध प्रशासनाच्या मागे लागायला हवं.

१९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या मैत्रिणींनी महागाईविरुद्ध हजारो बायकांना हातात लाटणं देऊन रस्त्यावर आणलं. रांधा, वाढा, उष्टी काढा या चाकोरीतलंच हत्यार त्यांनी सरकारपुढे उगारलं. आपल्याला एवढ्या मोठ्या मोर्चापासून सुरुवात करायची गरज नाही. दोन गोष्टी याच आठवड्यात करता येतील. पहिली, घरात चायनीज करायचं ठरलं की पाच माणसं, पाच सुऱ्या. परतायला मिळेल, पण चिरेल आणि घासेल त्यालाच. सगळं झाल्यावर सगळ्यांनी एकदम बसायचं, थोडं गार झालं तरी चालेल. दुसरी, एका संध्याकाळी गटातल्या आपण सगळ्याजणी मिळून गाड्यावर जायचं, बाकावर बसायचं, आपल्या पैशानं खायचं. पार्सल मागायचं नाही. आणि त्या रात्री घरच्यांनी आपलं आपलं जेवण करायचं.

गर्दी आपलीच असली म्हणजे उद्या आमच्या भाजीवाल्या मैत्रिणीला तिथे गाडा लावायला तेवढी भीती वाटणार नाही.