कळी, उमलणे आणि देवाचे फूल

भाद्रपद जवळ आला की घरोघरी पूजासाहित्याची तयारी सुरू होते. दूर्वा, शमी, केवडा, जास्वंद यांची आठवण कोणास करून द्यावी लागत नाही. पंचोपचारी पूजेत गंधानंतर लगेच पुष्पाचा मान आहे. तरीही बाजारातून येणारी परडी अलीकडे रंगाने भरगच्च आणि वासाने रिती असते. याकडे भाविकांनी लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.

सुगंध हा फुलात कुपीतल्या अत्तरासारखा साठवून ठेवलेला नसतो. फूल तो वाढीच्या ठराविक टप्प्यावर घडवते आणि हवेत सोडते. कोवळ्या हिरव्या कळीत हे कार्य जवळजवळ थांबलेलेच असते. पाकळ्या उमलू लागल्या की त्यांच्या पेशींतील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, कामाला लागतात. मोगऱ्याच्या कळीत काही गंधद्रव्ये शर्करेशी बांधलेली असतात. फुलताना ती मोकळी होतात, आणि लिनालूल, बेंझिल अ‍ॅसिटेट, इंडोल आदींचा तो परिचित दरवळ सुटतो. यांपैकी इंडोल एकटे व पुष्कळ असेल तर दुर्गंधी वाटते, अल्प प्रमाणात मात्र तेच मोगऱ्याला भरदारपणा देते. तेव्हा सुगंध म्हणजे अनेक द्रव्यांचा मेळ होय, आणि फुलाच्या वयाबरोबर तो मेळही बदलत जातो.

स्नॅपड्रॅगन या शोभेच्या फुलावर अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जे संशोधन झाले, ते या दृष्टीने उद्बोधक आहे. या फुलातील मेथिल बेंझोएट हे गंधद्रव्य उमलल्यावर काही दिवस वाढत जाते आणि पुढे ओसरते. परागसिंचन होऊन फलधारणेची वाट मोकळी झाली की फूल गंध आवरते घेते, हे स्नॅपड्रॅगन आणि पेटुनिया या दोहोंत २००३ साली दिसून आले. कीटकांना बोलावण्याचे प्रयोजन संपले की सुगंधाचा खर्च निसर्ग करीत नाही.

कळ्या देवाला वाहू नयेत, चाफा व कमळ यांना मात्र अपवाद आहे, असा पूजेचा जुना संकेत आहे. हा नियम घालणाऱ्यांस आजचे रसायनशास्त्र ठाऊक होते, असा दावा आम्ही करणार नाही. तशी गरजही नाही. पूर्णत्वास पोहोचलेले तेच देवाला अर्पावे, हा भाव पुरेसा आहे.

मात्र एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. मोगऱ्याची पूर्ण भरलेली कळी दुपारी खुडली तरी रात्री परडीत उमलते व गंध देते. खुडल्यावरही चालणाऱ्या या क्रियेमुळेच तिळांत फुले रचून फुलेल तेल करण्याची आपली पद्धत शक्य झाली. याउलट अपक्व कळी दूरच्या बाजारासाठी तोडली, तर पुष्कळदा ती नीट उमलतच नाही. लांब देठाच्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या गुलाबांची पैदास करताना तर टिकाऊपणाच्या मागे लागून सुगंध गमावला गेला. यात शेतकऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. आपण रंग आणि आकार पाहूनच पैसे मोजतो, वासाला भाव देत नाही.

आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण हे पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, कर्नाळ्याच्या रानाजवळ वसले आहे. एका अंगास पनवेलची बाजारपेठ, दुसऱ्या अंगास रान. पनवेल तालुक्यात शहर झपाट्याने पसरत असताना अशा गावांपुढे प्रश्न उभा राहतो तो परसाचा. अंगणात फरशी आली की तगर, प्राजक्त, सोनचाफा यांना जागा उरत नाही, आणि मग देवाचे फूलही दुकानातून आणावे लागते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ज्यांना परस आहे त्यांनी सोनचाफ्याचे एक झाड राखावे; ज्यांना केवळ सज्जा आहे त्यांनी मोगऱ्याची एक कुंडी ठेवावी. फूल त्याच्या वेळी खुडावे, आणि बाजारात घेताना भरलेली कळी निवडून घ्यावी. शंभर निर्गंध फुलांच्या राशीपेक्षा आपल्या दारी वेळेवर उमललेले एक फूल देव्हाऱ्यात अधिक शोभेल.